गेडाम मॅडम कम्प्युटर निवडतात

आमच्या ऑफिसात परवा एका सहकाऱ्याने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. मुलगी बारावी झाली, कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे, थोडंफार गेमही खेळते, तर कोणता घ्यावा? टेबलाटेबलांवरून उत्तरं आली. एकाने कंपनीचं नाव सांगितलं, दुसऱ्याने ऑनलाइन सेल कधी लागतो ते सांगितलं, तिसरा म्हणाला की गेमचं नावच काढू नका, पोरगी वाया जाईल. मला गेडाम मॅडम आठवल्या. त्यांनी यातलं काहीच सांगितलं नसतं. त्यांनी आधी त्या मुलीला बोलावून घेतलं असतं आणि तिला ग्लासभर पाणी प्यायला लावलं असतं.

पोंभुर्ण्याच्या ज्युनिअर कॉलेजात त्या आम्हाला फिजिक्स आणि आयटी असे दोन्ही विषय शिकवायच्या. ठेंगणा बांधा, सावळा रंग, सुती साडीला खांद्यावर पिना, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. स्कूटीच्या हुकाला कायम पाण्याची मोठी बाटली लटकलेली. वर्गात शिरल्यावर हजेरीच्या आधी त्या म्हणायच्या, "प्या सगळे. घोटभर नाही, पोटभर." आम्ही जंगलातल्या खेड्यांतून सायकलने, काळीपिवळी जीपने आलेलो असायचो, त्यामुळे उन्हाळ्यात ते ठीक वाटे. पण त्या ऐन थंडीतही पाणी प्यायला लावत. मुलं त्यांना मागून पाणीवाली मॅडम म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, आज तहानच नाई लागली."

"तहान लागेपर्यंत थांबला तं उशीर झालेला असते, बापा."

तो हसला. आम्हीही हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला पुढे त्यांच्या घरी कळलं.

कॉलेजच्या लॅबमधले निम्मे कम्प्युटर बंद असत. मॅडमना त्याचं फार वाईट वाटत नसे. बंद पडलेला कम्प्युटर टेबलावर आडवा करून, त्याचे स्क्रू काढून त्या आम्हाला आतलं सगळं दाखवायच्या. पुस्तकातली भाषा फळ्यावर लिहायच्या आणि मग खडू ठेवून आमच्या भाषेत यायच्या.

"हा प्रोसेसर. म्हणजे घरातली बाई. सगळं हिनंच करायचं. ही रॅम म्हणजे ओसरी. जेवढी मोठी, तेवढे पाहुणे एका टायमाले बसतील. अन् ही हार्डडिस्क म्हणजे धानाची ढोली. भरून ठेवा, राहील."

"अन् ग्राफिक्स कार्ड, मॅडम?" गेम खेळणाऱ्या पोरांचा हा प्रश्न ठरलेला असे.

"ते म्हणजे लग्नाच्या वेळी भिंतीवर चित्रं काढायले बोलावलेला माणूस. त्याले नाई बोलावलं तं चित्रं कोण काढंल? तीच घरातली बाई. मंग तिकडं भाजी जळते."

आजही कोणी 'कम्प्युटर हँग झाला' म्हटलं की मला करपलेल्या भाजीचा वास येतो.

आमच्या भागातून कोणी बारावीनंतर बाहेर शिकायला निघालं की त्याचा कम्प्युटर घ्यायला मॅडम सोबत जात. हा काही त्यांच्या नोकरीचा भाग नव्हता. कुणी त्यांना तसं सांगितलंही नव्हतं. त्यांची पद्धत मात्र ठरलेली होती. रविवारी जायचं नाही, कारण रविवारी दुकानदाराला बोलायला वेळ नसतो. सकाळच्या एसटीने चंद्रपूर गाठायचं. दुकानात लगेच शिरायचं नाही. बसस्टँडसमोरच्या टपरीवर बसायचं, चहा मागवायचा आणि तिथे विद्यार्थ्याची चौकशी करायची. सोबत आलेल्या आईबापाने मध्ये बोलायचं नाही.

"कुठी राहशील? टेबल मिळंल का खाटंवर बसशील? क्लासले नेशील का रूमवरच ठेवशील? उन्हाळ्यात घरी आली का डोक्यावर स्लॅब हाये का टिन? अन् गेम कोणता खेळशील?"

शेवटच्या प्रश्नाला सगळी मुलं बापाकडे बघून सारखंच उत्तर देत. "नाही मॅडम, फक्त अभ्यासासाठी."

मग मॅडम कप खाली ठेवत. "पाह्य, फक्त अभ्यासासाठी म्हणून घेतलेला कम्प्युटर म्हणजे खोटं बोलून घेतलेला कम्प्युटर. तू खेळशील. खेळलंच पायजे. पण मशीन खेळायचं नसंल तं तापते, बंद पडते, अन् मंग घरी काय सांगशील? आत्ताच खरं सांग, म्हणजे तसं मशीन पाहू."

इतकी वर्षं शिकवणारी बाई स्वतःच्या तोंडाने 'खेळलंच पाहिजे' म्हणते, याचं आईबापांना नवल वाटे. काहींना राग येई. मॅडमना त्याची पर्वा नव्हती.

माझ्या वेळी माझा बा सोबत होता. पांढरा सदरा, गळ्यात पिवळा दुपट्टा. मोह आणि तेंदूपत्ता वेचण्यात आणि चार बांध्यांच्या धानात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस काचेच्या दुकानात चप्पल बाहेर काढून शिरला. दुकानदाराने आधी एक पातळ, चकचकीत लॅपटॉप पुढे केला. बाने तो तळहातावर घेतला आणि वरखाली करून पाहिला.

"हा तं पापडावानी हाये. यात काय राह्यते?"

"बरोबर पकडलं, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "पातळ मशीनले श्वास घ्यायले जागा नसते. तुमच्या टिनाखाली मे महिन्यात हे मरून जाईल." मग दुकानदाराकडे वळल्या. "तो जाड दाखवा. अन् त्याच्यावर गेम लावून द्या. अर्धा तास."

"मॅडम, आधी घ्या, मंग घरी खेळा ना आरामानं."

"घरी तापला तं तुम्ही येसान का पंखा घेऊन?"

दुकानदार त्यांना ओळखून होता. त्याने हसून मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला आणि मला खुर्ची दिली. मी तोपर्यंत स्कूटीही चालवली नव्हती. माझी गाडी कठडा तोडून नदीत पडली, पुन्हा पडली, पुन्हा पडली. बा मागे उभा होता. त्याच्याने राहवेना.

"अवो, डाव्या अंगानं घे! बैलबंडी नाई चालवली का कधी?"

"बा, याच्यात बैल नाई."

"म्हणून तं पळते!"

दुकानातली माणसं हसली. मॅडमही हसल्या, पण त्यांचा हात सारखा लॅपटॉपच्या खालच्या बाजूला होता. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. थोड्या थोड्या वेळाने त्या हात काढत, साडीला पुसत आणि पुन्हा ठेवत. शेवटी म्हणाल्या, "हा घ्या. हा टिकंल."

परतीच्या एसटीत बाने जाहीर केलं की हा डबा आता नव्याच्या सणालाच उघडायचा. आमच्याकडे नवं धान पेनापुढे, म्हणजे आमच्या देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. बाच्या मते नवी वस्तूही त्याच रांगेतली. सण बराच लांब होता आणि माझं कॉलेज पुढच्या आठवड्यात सुरू होणार होतं. मी रडकुंडीला आले. मॅडम बौद्ध, घरात बुद्धाची मूर्ती सोडली तर त्यांचं कुठल्या देवाशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्या हसल्या नाहीत.

"ठेवा भाऊ पेनापुढे. ठेवलंच पायजे. पण आजच ठेवा, अन् चालू करून ठेवा. मागे एका घरी असाच बंद डबा सणापर्यंत ठेवला होता. उघडला तं पडद्यावर उभी रेघ. बदलून द्यायची मुदत निघून गेली होती."

बा विचारात पडला. "पण पेनाले चालू वस्तू चालते का?"

"पेनाले तुमचे बैल उभे चालतात, चालते चालतात. मंग हे काऊन नाई?"

त्या संध्याकाळी आमच्या घरी मोहाच्या पानावर तांदूळ, शेजारी उदबत्ती आणि मध्ये चालू केलेला लॅपटॉप असा थाट होता. पडद्यावर कुठल्यातरी परदेशातला बर्फाचा डोंगर. माय कोंबडीला कीबोर्डवरून हाकलत होती. त्याच मशीनवर मी नागपूरला बीएस्सी केलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्यांत टिनाखाली बसून मी त्याच्यावर अभ्यास केला, आणि खरं सांगायचं तर गाड्याही नदीत पाडल्या. तो कधी बंद पडला नाही.

मॅडमच्या घरी मी अकरावीपासूनच जात होते. मी मुलींच्या वसतिगृहात राहायचे आणि त्यांचं घर मागच्याच गल्लीत होतं. घरात त्या आणि त्यांचा मुलगा प्रणय. गेडाम सर सिरोंच्याला नोकरीला होते. आधी महिन्याला येत, मग सणावारी, मग फोनवर. असं का झालं ते मॅडम कधी बोलल्या नाहीत. गल्लीतल्या बायका बोलत. प्रणयला सिकलसेल होता. आमच्या जिल्ह्यात हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि मग हाडं अशी ठणकतात की मोठा माणूसही ओरडतो. हा आजार होण्यासाठी तो आई आणि बाप दोघांच्याही रक्तात असावा लागतो. सासरच्या लोकांनी मात्र तो एकट्या मॅडमच्या रक्तातून आला असं ठरवून टाकलं होतं. मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं नसेल असं होणार नाही. आम्हाला त्या एकच गोष्ट चार प्रकारे सांगायच्या.

अशा मुलाला थंडी बाधते, धावपळ बाधते आणि सगळ्यांत जास्त बाधते ती तहान. अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं. ते कळल्यावर वर्गात पाण्याची बाटली उघडताना मला हसू येईनासं झालं.

प्रणय माझ्याहून दोनतीन वर्षांनी लहान, पण दिसायचा त्याहून लहान. काटकुळा, डोळे जरा पिवळट, बोलायला तिखट. बाहेरच्या खोलीत मॅडमच्या जुन्या कम्प्युटरवर तो फुटबॉलचा गेम खेळत बसलेला असे. समोरच्या मैदानावर मुलं खऱ्या बॉलने खेळत. त्याला गोलमध्येसुद्धा उभं राहायची परवानगी नव्हती.

"ताई, याच्यात धाप लागत नाई," तो मला सांगायचा. "गोल मारला का सगळे अंगावर येऊन पडतात, पण हाड नाई दुखत." आणि आईकडे बघून, "आमच्या घरी दोन पेशंट हायेत. एकाले पाणी पाजते, एकाले हवा देते. दोघायचंही टेम्परेचर पाहते."

"तो दुसरा पेशंट उलट नाई बोलत," मॅडम म्हणायच्या.

एकदा दुपारी मी वही द्यायला गेले तेव्हा त्याचं दुखणं उठलेलं होतं. खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडला होता, चादरीचं टोक दातांत धरलेलं. औषध दिलं होतं, ते चढायला वेळ होता. मॅडम एका हाताने त्याच्या मांडीवर गरम कापडाचा शेक देत होत्या आणि दुसऱ्या हाताने कीबोर्डच्या कळा दाबत होत्या. त्याचा सामना अर्धवट राहिला होता आणि त्याला तो हरायचा नव्हता.

"डावीकडं पास दे आई. डावीकडं. अवो तो आपला नाई, तो त्यायचा हाये!"

"दोघायचेही कपडे सारखेच दिसतात मले."

"आपला पिवळा!"

मॅडमनी अगदी गंभीर चेहऱ्याने बॉल स्वतःच्याच गोलमध्ये घातला. प्रणय ओरडला, आणि मग त्या तसल्या दुखण्यात त्याला हसू आलं. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कशाचं होतं ते मला सांगता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "चला, एक तं गोल झाला," आणि शेकाचं कापड पुन्हा गरम करायला आत गेल्या. बराच वेळ झाला तरी त्या बाहेर आल्या नाहीत.

प्रणय बारावीला चांगल्या गुणांनी पास झाला. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटरच्या शाखेला त्याचा नंबर लागला. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि सुटीत गावी आले होते. त्याचा फोन आला. "ताई, आई मशीन घ्यायले नेऊन राह्यली. तू चाल ना संग. तुझं ऐकते ती." आवाजात इतका आनंद होता की मी लगेच हो म्हटलं.

आम्ही एसटीतून उतरलो. बसस्टँडसमोरच्या टपरीवर प्रणय सवयीने थांबला. त्याने आईच्या तोंडून या टपरीच्या गोष्टी किती वर्षं ऐकल्या होत्या. मॅडम मात्र न थांबता पुढे गेल्या.

"आई, चहा?"

"ऊन वाढंल. चल."

दुकानात शिरताच त्या म्हणाल्या, "डेस्कटॉप दाखवा. मोठा कॅबिनेट, मोठा स्क्रीन."

दुकानदाराने एकदा प्रणयकडे पाहिलं. "पोरगा नागपूरले जाऊन राह्यला ना, मॅडम?"

मॅडमनी ते ऐकलं नाही. त्या बोलत राहिल्या. तेवढ्याच पैशात डेस्कटॉपमध्ये दुप्पट ताकदीचं ग्राफिक्स कार्ड बसतं. तो तापत नाही. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मोठ्या पडद्यामुळे मान वाकत नाही. गेमसाठी यासारखं दुसरं काही नाही. त्या सांगत होत्या त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. वर्गात शिकवताना त्यांचा आवाज जसा असे तसाच होता, फक्त जरा भराभर.

"मले विचार ना," प्रणय म्हणाला.

"काय विचारू?"

"सर्व्यायले विचारते ते. कुठी राहशील, कुठी बसशील."

"तुझं मले मालूम हाये, बाबू."

"मंग मीच सांगतो. होस्टेलले राहीन. खाटंवर बसीन. क्लासले घेऊन जाईन. गेम खेळीन रूमवरच्या पोरायसंग. आता सांग, कोणतं मशीन पायजे?"

दुकानदार फडकं घेऊन काउंटर पुसू लागला. तो आधीच स्वच्छ होता. मी म्हणाले, "मॅडम, मी आहे ना नागपूरला. दर रविवारी त्याच्याकडे जाऊन येत जाईन."

"रविवारी जाशील," त्या म्हणाल्या. "अन् त्याले बुधवारी दुखलं तं?"

मग त्या प्रणयकडे वळल्या. "थंडीत गरम पाणी देतात का तिथी, विचारलं का तू? वरच्या मजल्यावर रूम देतील. जिने चढशील? रात्री दुखलं तं पोरं म्हणतील झोपला असंल. सकाळी दार वाजवतील..."

"लोकायच्या पोरायले तं पाठवते तू."

"लोकायच्या पोरायचं रक्त..."

प्रणय ओरडला नाही. अगदी हळू म्हणाला, "खोटं बोलून घेऊन राह्यली तू, आई."

मॅडमनी काउंटरवरच्या काळ्या कॅबिनेटवर हात ठेवला. ते चालू नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "घेऊन राह्यली." आणि दुकानदाराला म्हणाल्या, "बांधून द्या."

परतीच्या एसटीत खोकी आमच्या पायांशी होती. प्रणय खिडकीला बसला होता. वाटेत मॅडमनी बाटली पुढे केली. त्याने ती घेतली, सांगितलं तेवढं पाणी प्यायला आणि खिडकीबाहेर बघतच बाटली परत केली.

नागपूरची जागा गेली. त्याने घरी राहूनच पदवी केली. मॅडम पुढेही मुलांना घेऊन चंद्रपूरला जात राहिल्या. त्यांनी निवडलेले लॅपटॉप नागपूरला गेले, अमरावतीला गेले, पुण्याला गेले. कॉलेजात काही जण म्हणत, "दुनियेले पाठवते अन् स्वतःच्या पोट्ट्याले कोंडून ठेवते." हे त्यांच्या कानावर जात असणार. मी बरेचदा विचार केला आहे. त्या दिवशी लॅपटॉप घेतला असता तर काय झालं असतं? कदाचित प्रणय आज माझ्यासारखा कुठल्यातरी शहरात नोकरी करत असता. कदाचित नसता. हे 'नसता' मॅडमना रोज दिसत होतं, मला फक्त विचार केल्यावर दिसतं. त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि बरोबर होतं असंही म्हणवत नाही.

मागच्या मे महिन्यात मी गावी गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. केस पांढरे झाले होते. गुडघ्यांमुळे स्कूटी विकली होती. मला बघून त्यांना फार आनंद झाला. आधी पाणी दिलं, मग नोकरीचं विचारलं, मग बाचं. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. भिंतीकडे तोंड करून टेबल, त्यावर मोठा पडदा, आणि त्यापुढे कानांना हेडफोन लावलेली एक पाठ.

"प्रणय, रंजनाताई आली."

त्याने मागे न वळता एक हात वर केला.

"घरूनच काम करते कोणत्या तरी कंपनीचं," मॅडम म्हणाल्या. "काम झालं का गेम. यंदा एकदाबी भरती करावं नाई लागलं." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "बोलत नाई पण. जेवला का म्हटलं तं हो म्हणते. बस. एका घरात राहतो आम्ही."

मी इकडेतिकडे बघत होते. कोपऱ्यात इन्व्हर्टर दिसला. त्याच्यावर विणलेला रुमाल टाकलेला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, बॅटरी उतरली आहे, बरेच दिवस झाले. मला बरं वाटलं. या बाईंसाठी काहीतरी करायची संधी मला कधी मिळाली नव्हती. "मॅडम, मी चंद्रपूरहून उद्याच नवी बॅटरी पाठवते. माझ्या ओळखीचा माणूस येऊन बसवून जाईल."

"नको."

इतक्या पटकन म्हणाल्या की मी दचकले.

"अहो, पण उन्हाळ्यात इथली लाइट किती जाते. त्याचं काम, कम्प्युटर..."

"त्याच्याजवळ छोटं यूपीएस हाये, बंद करण्यापुरतं. राहू दे, माय. चालून जाते."

त्या उठून आत गेल्या आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, घेऊन आल्या. धुतलेली, पिवळीजर्द. अंगणातल्या खाटेवर ताटली ठेवली, दोन खुर्च्या ओढल्या, मग आतून तिसरी आणली. मी एक टेंभर उचललं. "ते घे, कडंचं," त्या म्हणाल्या. "मऊ त्याच्यासाठी ठेव."

संध्याकाळी वारा सुटला. अंगणात धूळ उडाली, सागाची वाळलेली पानं रस्त्यावरून खडखडत गेली. मॅडमनी मान वर करून खांबावरच्या तारांकडे पाहिलं. थोड्या वेळाने लाइट गेली. आतून यूपीएसचा टिकटिक आवाज येऊ लागला आणि थांबला. खुर्ची सरकली.

प्रणय बाहेर आला. एका पायाने लंगडत होता. तिसऱ्या खुर्चीवर बसला. "गेली वाटते."

"हो. वारं हाये ना," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला होता. एक टेंभर सोलून त्यांनी त्याच्या हातात दिलं. त्याने ते खाल्लं, बी अंगणात थुंकली आणि हात पुढे केला. त्यांनी दुसरं दिलं. मग तो बोलू लागला. त्याच्या गेममधल्या टीममध्ये आसामचा एक मुलगा आहे, त्याची आई ऐन सामन्यात जेवायला हाका मारते आणि ते सगळ्यांना ऐकू येतं. "काय म्हणते ते समजत नाई. पण शिव्याच असतील." तो हसला. मॅडम हसल्या. त्याने मला विचारलं, "ताई, तुझ्या रूमच्या खिडकीतून काय दिसते?" मी म्हटलं, समोरची बिल्डिंग, रस्ता, रस्त्यावरचं पाणीपुरीचं दुकान. तो मन लावून ऐकत होता.

मॅडम भराभर विचारत होत्या. पाय कसा आहे, कंपनीचा साहेब कसा आहे, आंबे आणू का. बस सुटायच्या आधी खिडकीतून बोलतात तसं. तो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होता, तेही पूर्ण वाक्यात. मी बॅटरीचा विषय पुन्हा काढला नाही.

अंधार पडत आला. मॅडम टेंभराची साल नखाने काढत होत्या आणि प्रणय त्या आसामच्या मुलाचं आणखी काहीतरी सांगत होता. तेवढ्यात घरातला पंखा फिरला. दारातला दिवा लागला. प्रणयने वाक्य तिथेच सोडलं, हात पँटला पुसले आणि आत गेला.

गल्लीभर पोरं ओरडत होती, "आली, आली!" मॅडमच्या हातात सोललेलं टेंभर होतं.